विश्लेषण : दमदार मोटारीचा ‘समर टायर’ उन्हासाठी की पावसासाठी? निवडताना नेमके काय पाहावे?

अडीचशे अश्वशक्तीची मोटार ही काही वर्षांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातील रस्त्यांवर अपवादाने दिसणारी गोष्ट होती. आता तसे राहिलेले नाही. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आणि फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय या २०२५ मध्ये भारतात आलेल्या दोन्ही मोटारींची ताकद २६५ पीएस आहे. चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या विजेवरील एसयूव्हींचे वरचे प्रकार सुमारे २८० अश्वशक्तीपर्यंत जातात. ‘समृद्धी’सारखे १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेले महामार्गही हाताशी आहेत. मात्र टायर बदलण्याची वेळ आली, की याच मोटारींचे मालक दुकानात दोनच प्रश्न विचारतात. टायर किती किलोमीटर चालेल आणि चार घेतले तर किती सूट मिळेल? तिसरा आणि खरा महत्त्वाचा प्रश्न राहूनच जातो. भर पावसात हा टायर गाडी किती अंतरात थांबवेल? ‘समर टायर’ या नावामुळे तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणूनच या टायरचे शास्त्र आणि निवडीचे निकष समजून घेणे गरजेचे आहे.

‘समर टायर’ म्हणजे उन्हाळ्याचा टायर का?

नाही. हे नाव युरोपातून आले आहे. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो. त्यामुळे वाहनांसाठी टायरचे दोन संच ठेवण्याची पद्धत पडली. जर्मनीत तर ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर आणि उरलेले महिने ‘समर टायर’ असा ठोकताळाच आहे. बर्फाळ किंवा हिम साचलेल्या रस्त्यावर हिवाळी टायर लावणे तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली ‘समर टायर’चे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. त्याच्या वरच्या तापमानात मात्र हेच रबर कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही रस्त्यांवर हिवाळी टायरपेक्षा सरस ठरते. थोडक्यात, ‘समर’ म्हणजे रणरणते ऊन नव्हे, तर सात अंशांच्या वरचा कोणताही दिवस.

हा निकष महाराष्ट्राला लावला तर चित्र स्पष्ट होते. थंडीच्या लाटेत निफाड किंवा महाबळेश्वर परिसरात काही पहाटे पारा त्याखाली घसरतो. हा अपवाद सोडला तर राज्यात बाराही महिने ‘समर टायर’चेच दिवस असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या बहुतेक टायरचे मिश्रण उष्ण हवामान गृहीत धरूनच केलेले असते. त्यामुळे महाराष्ट्रातील ग्राहकापुढे ‘समर की विंटर’ असा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो ‘समर टायर’मधला कोणता प्रकार घ्यायचा हा. जानेवारीत मनाली किंवा काश्मीरच्या बर्फात गाडी नेणाऱ्यांनी मात्र वेगळी तयारी करायला हवी. तिथे सर्वात महागडा ‘परफॉर्मन्स समर टायर’ही निरुपयोगी ठरतो.

‘परफॉर्मन्स’ टायर वेगळा कशामुळे ठरतो?

चार चाकांच्या मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो साधारण तळहाताएवढ्या चार तुकड्यांपुरता. इंजिनाची सगळी ताकद, ब्रेकचा सगळा जोर आणि वळणावरचा सगळा ताण याच चार तुकड्यांतून रस्त्यावर उतरतो. एबीएस किंवा ‘स्टॅबिलिटी कंट्रोल’ या यंत्रणा नवी पकड तयार करत नाहीत. टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच त्या शहाणपणाने वापरतात.

रबर रस्ता धरते ते दोन प्रकारे. एक म्हणजे रस्त्याच्या सूक्ष्म खडबडीत खड्यांवर ते दबते आणि त्यांच्याभोवती बसते. दुसरे म्हणजे रबराचे रेणू पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. ओल्या रस्त्यावर दुसरा परिणाम क्षीण होतो आणि सगळी भिस्त पहिल्यावर येते. दबलेले रबर मूळ आकारात परतताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावते. ही ऊर्जा जितकी जास्त खर्च होते, तितकी पकड चांगली. पण तीच ऊर्जा सरळ रस्त्यावर सतत खर्च होत राहिली तर इंधन जास्त जळते. पकड, इंधनबचत आणि टिकाऊपणा या तिन्हींची अशी ओढाताण असते. १९९० च्या दशकात टायरच्या मिश्रणात काजळीऐवजी सिलिका मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली, तेव्हा ही ओढाताण बरीच सैल झाली, मात्र ती संपली नाही.

‘परफॉर्मन्स’ टायरमध्ये पहिला मान पकडीला दिलेला असतो. मिश्रण मऊ, बाजूची भिंत ताठ, बाहेरच्या कडेचे ठोकळे मोठे आणि आतल्या बाजूला पाणी बाहेर टाकणाऱ्या रुंद खाचा अशी त्याची रचना असते. त्याची किंमत अर्थातच मोजावी लागते. हे टायर लवकर झिजतात, आवाज थोडा जास्त करतात आणि खड्ड्यांत कमी क्षमाशील असतात. त्यामुळे ‘हा टायर ७० हजार किलोमीटर चालेल’ असे विक्रेता अभिमानाने सांगत असेल, तर दमदार मोटारीच्या मालकाने खूश होण्याआधी थोडे थांबायला हवे. एवढा टिकणारा टायर पकडीत कुठेतरी मागे असण्याचीच शक्यता जास्त.

पकडीतला फरक प्रत्यक्षात किती?

शाळेतल्या भौतिकशास्त्रातील सूत्राने हा अंदाज बांधता येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ओल्या रस्त्यावर ब्रेक लावते असे समजू. एका टायरचा घर्षण गुणांक ०.७ आणि दुसऱ्याचा ०.६ धरला, तर पहिली मोटार सुमारे ५६ मीटरमध्ये थांबते. दुसरीला सुमारे ६६ मीटर लागतात. दहा मीटर म्हणजे दोन मोटारींच्या लांबीएवढे अंतर. ऐकताना ते फार वाटत नाही.

मात्र हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला तर गांभीर्य कळते. पहिली मोटार ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेली असते, त्या ठिकाणी दुसरी मोटार अजून ताशी सुमारे ३८ किलोमीटर वेगाने जात असते. समोर उभा ट्रक असेल किंवा रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर ‘थोडक्यात वाचलो’ आणि ‘३८ च्या वेगाने आदळलो’ यांत तेवढ्या एका दशांशाचा फरक असतो. हे गणित चालकाने दोन्ही वेळा त्याच क्षणी ब्रेक दाबला असे धरून केले आहे. शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते याची चर्चा मोटारींच्या प्रत्येक गप्पांत होते. शंभर ते शून्य किती मीटरमध्ये, याची मात्र क्वचितच.

महाराष्ट्रात पावसाचा निकष पहिला का हवा?

कोरड्या रस्त्यावर साधा चांगला टायरही दैनंदिन वापरात बऱ्यापैकी काम करतो. टायरमधील खरा फरक उघडा पडतो तो ओल्या रस्त्यावर. कोकण, घाटमाथा आणि मुंबई-पुणे पट्ट्यात जून ते सप्टेंबर असे चार महिने रस्ते ओले असतात. त्यातच घाटातील उतार, वळणांवर वाहून आलेली माती आणि पहिल्या पावसात तेलाचा थर सुटून होणारा निसरडेपणा यांची भर पडते. त्यामुळे टायरची परीक्षा एप्रिलच्या नागपुरात होते त्यापेक्षा जुलैच्या खंडाळ्यात अधिक कठोर होते.

पावसातील सर्वात मोठा धोका म्हणजे टायर पाण्यावर तरंगणे. वेग वाढला की खाचांना पाणी बाहेर फेकायला वेळ कमी पडतो. टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते, ती टायरला रस्त्यावरून उचलते आणि स्टिअरिंग अचानक हलके लागते. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा हा दाब चौपट होतो. अमेरिकेतील ‘नासा’च्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांचा अभ्यास करून यासाठी एक ठोकळ सूत्र दिले. साचलेल्या पाण्यात गुळगुळीत टायर साधारण कोणत्या वेगाला तरंगू लागेल, हे त्यातून हवेच्या दाबावरून काढता येते. या सूत्रानुसार ३२ पीएसआय दाबाला तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा २४ पीएसआयपर्यंत उतरली तर तो सुमारे ८२ वर येतो. मोटारीच्या चांगल्या नक्षीच्या टायरसाठी हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण त्यातून दोन गोष्टी निश्चित कळतात. नक्षी झिजली आणि हवा कमी असली, तर महामार्गावरचा नेहमीचा वेगही धोक्याच्या पट्ट्यात जातो.

रुंद टायर पावसात जास्त सुरक्षित, हा समजही इथे तपासायला हवा. कोरड्या रस्त्यावर रुंद टायरचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यात मात्र त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे तो तुलनेने लवकर तरंगतो. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलीमीटर असावी लागते. तेवढ्या खोलीवर खाचांमधील छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला येतात. पण रुंद टायरवर पावसाळ्यात या मर्यादेची वाट पाहणे धाडसाचे आहे. खोली तीन मिलीमीटरवर आली की पावसाळ्याआधीच टायर बदलणे शहाणपणाचे. खोली मोजण्याचे साधन दोन-तीनशे रुपयांत मिळते.

टायरच्या बाजूवरील आकडे काय सांगतात?

ऑक्टाव्हिया आरएसचेच उदाहरण घेऊ. तिच्या टायरचा आकार २२५/४० आर१९ आहे. यातील २२५ म्हणजे टायरची मिलीमीटरमधील रुंदी. ४० म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या ४० टक्के, अर्थात ९० मिलीमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १९ हा रिमचा इंचातील व्यास.

त्यापुढचा आकडा आणि अक्षर अनेक जण वाचतच नाहीत. ‘९१’ हा भार निर्देशांक असेल तर एक टायर ६१५ किलो वजन पेलतो, ‘९३’ असेल तर ६५० किलो आणि ‘९५’ असेल तर ६९० किलो. अक्षर वेगाची कमाल क्षमता सांगते. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३००. आपण कधी १२० च्या पुढे जाणारच नाही, मग ‘वाय’चे पैसे कशाला, असा प्रश्न दुकानात नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर असे की हे अक्षर केवळ वेगाचे नाही. टायरचा सांगाडा किती उष्णता सहन करू शकतो, याचेही ते प्रमाणपत्र आहे. ताशी २५० किलोमीटर जाऊ शकणाऱ्या मोटारीची ब्रेकिंग आणि सस्पेन्शन अशाच ताठ टायरवर जुळवलेली असतात. कंपनीने दिलेल्या भार निर्देशांकाच्या आणि वेगश्रेणीच्या खाली जाणे ही बचत नव्हे. विजेवरील मोटारींमध्ये तर बॅटरीच्या वजनामुळे भार निर्देशांकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

काही टायरवर मोटार कंपन्यांच्या खुणा असतात. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, तर पोर्शसाठी ‘एन’ आणि त्यापुढे आकडा. त्या त्या मोटारीसाठी जुळवून घेतलेला तो टायर असतो. तोच घ्यायला हवा अशी सक्ती नाही. पण चारही चाकांच्या टायरची कंपनी, मॉडेल आणि झीज सारखी असावी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोटारीत टायरच्या व्यासातील फरक थेट गिअर यंत्रणेवर ताण आणतो.

मोठा रिम लावल्याने गाडी चांगली चालते का?

गाडी चांगली दिसते, एवढे नक्की. मूळ १७ इंची रिमवर २२५/४५ टायर असेल आणि त्याऐवजी १८ इंची रिमवर २२५/४० लावला, तर चाकाचा एकूण व्यास ६३४ मिलीमीटरवरून ६३७ मिलीमीटर होतो. हा फरक नगण्य आहे, त्यामुळे वेगमापकावर परिणाम होत नाही. मात्र बाजूची भिंत १०१ मिलीमीटरवरून ९० वर येते. वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा सुधारतो. पण रिम आणि रस्ता यांच्यामधली हवेची गादीही तेवढीच पातळ होते.

खड्ड्याची धारदार कड लागली की अशी पातळ भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते. आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली लपलेला असतो हे लक्षात घेतले, तर आपल्याकडे कंपनीने दिलेल्या पर्यायांपैकी लहान रिम निवडणे हाच व्यवहारी निर्णय ठरतो. रिमवर खर्च होणारे पैसे त्याच आकाराच्या एक श्रेणी वरच्या टायरवर घातले, तर गाडीत खराखुरा फरक पडतो.

उन्हाळ्यात टायरमधील हवा कमी करावी का?

‘उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून दोन-चार पीएसआय कमी ठेवा’ हा सल्ला राज्यभर सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही आहे. सकाळी २५ अंश तापमानात ३३ पीएसआय हवा भरलेला टायर धावून तापला आणि आतील हवा ७० अंशांवर गेली, तर दाब सुमारे ४० पीएसआय होतो. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आणि मोटार कंपनीनेही आधीच हिशेबात धरलेली असते. सुस्थितीतील टायर तेवढ्याने फुटत नाही.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा उलट कारणाने, म्हणजे हवा कमी असल्याने. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त वाकते. ताशी १२० किलोमीटर वेगाला साधारण ६६ सेंटीमीटर व्यासाचे चाक सेकंदाला सुमारे १६ वेळा फिरते आणि भिंतीचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा वाकून सरळ होतो. या घडामोडीची उष्णता आत साठत जाते. त्यात चार माणसे, सामान आणि तापलेला काँक्रीटचा रस्ता यांची भर पडली, की रबर आणि आतील पट्टे यांची जोडणी सुटू लागते. टायर फुटण्याआधी बराच वेळ तो आतून खराब होत असतो. बाहेरून काही दिसत नाही.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यासाठीच कसोटीचा आहे. गावातील रस्त्यावर अधूनमधून थांबे असतात, टायरला निवायला वेळ मिळतो. इथे तासन्‌तास एकाच वेगाने धावणे होते. परिवहन विभागाने या महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासणी हाती घेतली आणि झिजलेल्या टायरची वाहने परत पाठवली, ती याच कारणाने. मात्र नक्षी डोळ्यांना दिसते, दाब दिसत नाही. त्यामुळे शेवटची जबाबदारी मालकाचीच राहते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चालकाच्या दरवाजाजवळच्या किंवा इंधनाच्या झाकणावरच्या पट्टीवर जो आकडा दिला आहे तोच भरावा. पूर्ण भार आणि महामार्गासाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

नायट्रोजनबाबतही अवाजवी अपेक्षा नको. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि दाब थोडा सावकाश उतरतो, एवढाच त्याचा फायदा. महिन्यातून दोनदा हवा तपासणाऱ्याला साधी हवा पुरेशी आहे.

नक्षी शिल्लक असेल तर टायर चांगलाच समजावा का?

दमदार मोटार हे अनेक घरांत दुसरे किंवा तिसरे वाहन असते. ते फक्त शनिवार-रविवारी बाहेर निघते. चार वर्षांत पंधरा हजार किलोमीटरही होत नाहीत. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर मात्र ऊन, ओझोन आणि ऑक्सिजन यांच्यामुळे कडक होत राहते. मऊ मिश्रणाच्या टायरमध्ये ही झळ पकडीला आधी बसते.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ‘२३२५’ असे असेल तर तो २०२५ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही परिस्थितीत टायर बदलणे, असा सल्ला मिशेलिनसारख्या कंपन्या देतात. नवा टायर घेतानाही ही तारीख पाहावी. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात ‘प्रतिबंधित’ गटात टाकली. त्यानंतर परदेशी बनावटीच्या टायरसाठी परवाना लागतो. कमी खपाच्या आकारांत त्यामुळे निवड मर्यादित झाली आहे. अशा आकाराचा टायर ‘मोठी सूट’ म्हणून मिळत असेल, तर तो किती काळ गोदामात पडून होता हे तारखेवरून कळते.

फक्त दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे टायर मागच्या चाकांना लावावेत, मोटारीची पुढची चाके ओढत असली तरीही. पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि चालकाला वेग कमी करून ती सावरता येते. मागची पकड सुटली तर गाडी फिरते. ती सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्याबाहेरचे असते. टायर बसवताना ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आणि बाणाची दिशा पुढे आहे ना, एवढे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे.

मग कोणत्या प्रकारचा टायर घ्यावा?

बाजारात ढोबळमानाने तीन गट आहेत. पहिला गट आरामदायी ‘टूरिंग’ टायरचा. ते शांत असतात, जास्त चालतात आणि शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या मोटारींना योग्य असतात. दुसरा गट रस्त्यासाठीच्या ‘परफॉर्मन्स समर’ टायरचा. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेन्टलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा स्पोर्ट, गुडइयरचा ईगल एफ१ असिमेट्रिक आणि पिरेलीचा पी झिरो ही या गटातील परिचित नावे आहेत. अपोलो टायर्सने २००९ मध्ये विकत घेतलेल्या व्रेडेस्टाइन या डच ब्रँडचे टायरही या गटात येतात. तिसरा गट ‘सेमी-स्लिक’ टायरचा. चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ते उत्तम आहेत. मात्र त्यांच्या खाचा कमी आणि उथळ असल्याने साचलेल्या पाण्यात ते धोकादायक ठरतात. रोजच्या वापरातील मोटारीला केवळ रुबाबासाठी ते लावणे म्हणजे चार महिने जोखीम अंगावर घेणे.

अडीचशे अश्वशक्तीच्या आसपासच्या किंवा त्यापुढच्या मोटारीसाठी दुसरा गट हीच योग्य निवड आहे. या गटातही आपल्या आकारात, ताज्या तारखेचा आणि ओल्या रस्त्यावरील पकडीत अव्वल श्रेणीचा जो मिळेल तो घ्यावा. ब्रँडचा क्रमांक त्यानंतर येतो. अमेरिकी पद्धतीनुसार टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा छापलेला असतो. पायलट स्पोर्ट ४एसच्या अनेक आकारांवर तो ३०० आहे. आकडा कमी असेल तर टायर सहसा मऊ असतो. मात्र ही श्रेणी कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची काटेकोर तुलना करू नये. अशा चार टायरचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. तो परवडत नसेल तर टायरची श्रेणी उतरवण्यापेक्षा मोटारीची निवड करतानाच तो हिशेबात धरायला हवा होता, असे म्हणणे कठोर वाटले तरी वस्तुस्थिती तीच आहे.

ओल्या रस्त्यावरील श्रेणी ग्राहकाला कळणार कशी?

खरी अडचण इथेच आहे. युरोपात २०१२ पासून टायरसोबत लेबल देणे बंधनकारक आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या या लेबलवर इंधनबचत आणि ओल्या रस्त्यावरील पकड या दोन्हींसाठी ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी असतात. फ्रीज विकत घेताना वीजबचतीचे तारे पाहावेत तसे तिथला ग्राहक टायरच्या ब्रेकिंगची श्रेणी पाहतो.

भारतातही नियम नाहीत असे नाही. टायरवर आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळण्यातील विरोध आणि आवाज यांचे किमान निकष केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ च्या अधिसूचनेद्वारे लागू केले. पण हे निकष पास-नापास स्वरूपाचे आहेत. काठावर पास झालेला टायर आणि विशेष गुणवत्तेचा टायर यांतील फरक ग्राहकाला दुकानात दिसत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी ऐच्छिक आहे आणि तिचा भर इंधनबचतीवर आहे. म्हणजे टायर किती पेट्रोल वाचवतो हे सांगण्याची सोय झाली. तो किती मीटरमध्ये गाडी थांबवतो, हे सांगण्याची झाली नाही.

चाचणी तर होतेच, मग तिचा निकाल श्रेणीच्या रूपात टायरवर चिकटवण्यास हरकत कोणती? हा प्रश्न केवळ पन्नास लाखांच्या मोटारींच्या मालकांचा नाही. ओल्या रस्त्यावर न थांबलेली दमदार मोटार ज्याच्यावर आदळते, तो बहुधा दुचाकीवर असतो किंवा पायी. टायरची निवड मोटारीच्या मालकाने केलेली असते, परिणाम मात्र त्याला भोगावा लागतो. त्यामुळे पकडीची श्रेणी सक्तीने जाहीर करणे ही चैनीच्या वस्तूसाठीची सवलत नव्हे, तर रस्तासुरक्षेचा भाग आहे. तोपर्यंत मालकांना त्याच टायरचे युरोपीय लेबल शोधून पाहणे, मे महिन्यात नक्षी मोजणे आणि सकाळी थंड टायरमध्ये हवा भरणे एवढे तरी करता येईल. त्याला ना परवाना लागतो, ना लाखभर रुपये.